एमएस, जनुकं आणि रिपोर्टमधली तांबडी चौकट

सायंतारा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेला एमएस, मला होऊन अकरा वर्षं झाली. यात आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या वेष्टणावर हल्ला करते. सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली. पाण्याच्या बाटलीचं लाल झाकण उजव्या डोळ्याने लालभडक दिसायचं आणि तेच डाव्याने विटकं, धुऊन धुऊन फिकं पडलेल्या कापडासारखं. मी कितीतरी दिवस एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून ते झाकण बघत बसायचे. पुढे एमआरआय, पाठीतल्या पाण्याची तपासणी, स्टिरॉइड. ते सगळं इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे.

आज धागा काढतेय तो वेगळ्या कारणाने. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. तिने हौसेने लाळेचा नमुना पाठवून डीएनए तपासून घेतला होता. त्यातली कच्ची माहिती तिने आणखी एका ठिकाणी चढवली आणि तिथून चाळीस पानांचा रिपोर्ट आला. त्यात एका ओळीत 'मल्टिपल स्क्लेरोसिस', त्यापुढे 'आयएल७आर', त्यापुढे 'सीसी' आणि शेवटी तांबड्या चौकटीत 'वाढलेला धोका'.

"ताई, मलाही होणार का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. अकरा वर्षं या आजाराबरोबर काढूनही त्या एका ओळीचा अर्थ मला माहीत नव्हता. त्यानंतर मी झपाटल्यासारखी वाचत सुटले, माझ्या न्यूरॉलॉजिस्टना दोन भेटींत प्रश्न विचारून भंडावून सोडलं. जे हाती लागलं ते इथे मांडते, कारण असा रिपोर्ट उद्या तुमच्यापैकी कुणाच्या भावाच्या किंवा मुलीच्या हातात पडू शकतो.

पहिली गोष्ट, एमएस हा एका जनुकाचा आजार नाही. तसा असता तर एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला की दुसऱ्याला झालाच असता, कारण दोघांचा डीएनए तोच. प्रत्यक्षात दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण चारात एक आहे. जन्मतः मिळालेलं सगळंच्या सगळं सारखं असूनही चारातले तिघे सुटतात. सख्ख्या भावंडांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास येतं.

तरीही जनुकांचा वाटा आहे, आणि तो कुठे आहे हे शोधायला लोकांनी पन्नासेक वर्षं घातली आहेत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पहिला धागा हाती लागला तो सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए भागात. पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे 'दाखवण्याचं' काम हा भाग करतो आणि टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार, ते तुकडे बघून आपलं कोण, परकं कोण ते ठरवतात. त्यातला एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा प्रकार आजही सर्वांत वजनदार मानला जातो. तो असेल तर धोका सुमारे तिप्पट होतो. त्यानंतर पस्तीस वर्षं जवळपास शुकशुकाट होता. २००७ मध्ये संपूर्ण जनुकसंच चाळणारा मोठा अभ्यास आला आणि एचएलएच्या बाहेरची दोन नावं ठामपणे पुढे आली, आयएल२आरए आणि आयएल७आर. मग वेग वाढला. २०१९ पर्यंत ४७,४२९ रुग्ण आणि ६८,३७४ निरोगी लोक यांची तुलना करून एकूण २३३ ठिकाणं सापडली. त्यातली ३२ एचएलएच्या परिसरातली, एक एक्स गुणसूत्रावरचं आणि २०० इतरत्र विखुरलेली.

ही यादी वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. मायलिन म्हणजे मज्जातंतूंवरचं वेष्टण, आणि आपलं नुकसान होतं ते तिथे. पण सापडलेली बहुतेक जनुकं मायलिन बनवणारी नाहीत. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना जे निरोप धाडतात त्या निरोपांची आहेत. निरोप घेणारे रिसेप्टर, तो पेशीच्या आत पोचवणारी प्रथिनं, 'आता थांब' म्हणणारी प्रथिनं. आयएल७आर त्यांपैकीच एक, आणि बहिणीच्या चौकटीत तेच होतं म्हणून त्याच्यावर जरा थांबते.

इंटरल्युकिन-७ हा टी पेशींना जगवणारा निरोप आहे. तो घेण्यासाठी टी पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर रोवलेला असतो. हा रिसेप्टर बनवायची जी संहिता आहे ती आठ तुकड्यांत लिहिलेली असते आणि पेशी ते तुकडे जोडून वाचते. सहाव्या तुकड्यात रिसेप्टरचा तो भाग लिहिलेला आहे ज्याने तो पेशीच्या पटलात घट्ट बसतो. त्याच तुकड्यात एका जागी काही लोकांत 'टी' हे अक्षर असतं, काहींत 'सी'. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून; 'सीसी' म्हणजे दोन्हींत 'सी'. 'सी' असेल तर जोडताना तो सहावा तुकडा वगळला जाण्याचं प्रमाण वाढतं. मग जे प्रथिन तयार होतं त्याला रुतून बसायला मूळच नसतं. ते पेशीतून सुटून रक्तात तरंगतं. हे तरंगते रिसेप्टर इंटरल्युकिन-७ ला धरून ठेवतात. आधी वाटलं होतं की त्यामुळे निरोप हरवत असेल. २०१३ मध्ये उलटंच दिसलं : धरून ठेवल्यामुळे तो लवकर संपत नाही, आणि टी पेशींवरचा त्याचा परिणाम जास्त काळ टिकतो.

हे वाचल्यावर माझ्याच अंगावर काटा आला. एका अक्षराच्या फरकातून एवढी साखळी.

आता त्या तांबड्या चौकटीचं. 'सी'मुळे वाढणारा धोका दर प्रतीमागे सुमारे १.१८ पट आहे, आणि 'सी' ही दुर्मीळ गोष्टच नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत, ज्यांच्यावर हे बहुतेक अभ्यास झाले, चारातल्या तीन प्रतींत 'सी'च असतो. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसं 'सीसी' आहेत आणि त्यातली जवळपास सगळी ठणठणीत फिरताहेत. रिपोर्टने बहिणीची तुलना केली होती ती 'टीटी' असलेल्या मूठभरांशी. मी कागदावर साधं गणित मांडून पाहिलं. 'सीसी' माणसाचा धोका सरासरी माणसापेक्षा दहा टक्केही जास्त भरत नाही. ती माझी सख्खी बहीण आहे, एवढ्यानेच तिचा धोका त्या ओळीपेक्षा कितीतरी जास्त वाढतो, आणि तरीही शंभरातल्या सत्त्याण्णव बहिणींना एमएस होत नाही.

हे त्या चाळीस पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. याचा मला अजून राग आहे.

तुमच्यापैकी कुणी असे रिपोर्ट पाहिलेत का? आणि कुणाला या निरोपांच्या जनुकांबद्दल जास्त माहिती असेल तर कृपया लिहा.

—

कवडसा

सायंताराताई, सहावा तुकडा गळण्याची गोष्ट तीनदा वाचली आणि पहिल्यांदाच कळली. धागा वाचनखुणेत टाकलाय.

—

पायवाट

माझं निदान दोन वर्षांपूर्वीचं. प्रश्न सरळ आहे : मी एचएलए तपासून घेऊ का? डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही, मग त्यांचं काही राहून गेलं का अशी चुटपुट लागली आहे.

—

सायंतारा

@पायवाट, काही राहून गेलेलं नाही. मीही हेच विचारलं होतं. एमएसचं निदान लक्षणं, एमआरआयवरचे डाग आणि पाठीच्या पाण्यातले ऑलिगोक्लोनल बँड (प्रतिपिंडांच्या खुणा) यांवरून होतं, जनुकांवरून नाही. कारण सोपं आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या एमएस रुग्णांत निम्म्याहून अधिकांकडे १५:०१ सापडतो, पण तिथल्या निरोगी माणसांतही तो चार-पाच जणांमागे एकाकडे असतोच. असला म्हणून एमएस आहे असं होत नाही, नसला म्हणून नाही असंही होत नाही. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना आजार सरासरीने काही महिने लवकर सुरू होतो असं दिसलंय, पण तुमचा तर सुरू होऊन गेलाय. तपासून तुमचं औषध बदलणार नाही.

—

निळीशाई

मी संशोधन प्रयोगशाळेत काम करते, रोज पेशींशीच गाठ असते. एमएस माझ्या घरात नाही, पण रोगप्रतिकारक निरोप हा माझा विषय आहे, म्हणून लिहिते. सायंतारा यांनी आयएल७आर नेमकं मांडलंय. त्याला जोडून दुसऱ्या एका जनुकाची हकीकत सांगते. ती मी नव्याने आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

टीएनएफ हा दाह पेटवणारा फार जोरकस निरोप. सांधेदुखीच्या आजारात, आतड्याच्या दाहात तो अडवणारी औषधं आली आणि लाखो लोकांचं आयुष्य पालटलं. १९९०च्या दशकात साहजिकच वाटलं की एमएसमध्येही दाहच आहे, मग टीएनएफ अडवूया. लेनरसेप्ट नावाचं औषध १६८ रुग्णांवर तपासलं गेलं. त्याची घडण अशी होती की टीएनएफचा रिसेप्टर रक्तात मोकळा सोडायचा आणि त्याने टीएनएफ टिपून घ्यायचा. १९९९ मध्ये निकाल छापून आले. औषध घेणाऱ्यांना अटॅक कमी यायच्या ऐवजी जास्त आले, आणि लवकर आले. तेव्हा कुणालाच याचं धड कारण सांगता येईना.

मग २०१२. टीएनएफआरएसएफ१ए या जनुकातला एक फरक एमएसशी जोडलेला आहे हे आधी कळलं होतं, तो नेमकं काय करतो ते त्या वर्षी उलगडलं. हा फरक असला की इथेही सहावाच तुकडा वगळला जातो, आणि रिसेप्टरचं एक अपुरं रूप तयार होऊन बाहेर सुटतं. ते टीएनएफला अडवतं. म्हणजे ज्यांच्यात हा फरक आहे त्यांच्या शरीरात आयुष्यभर, अगदी मंद प्रमाणात, लेनरसेप्टसारखंच काहीतरी चालू असतं. धोका थोडासाच वाढतो, १.१ ते १.२ पट. पण दिशा तीच, जी औषधाने दाखवली होती.

त्या चाचणीच्या आधीच हे ठाऊक असतं तर ती चाचणी कदाचित झालीच नसती. १.१५ हा आकडा माणसाचं भविष्य सांगायला कुचकामी आहे हे खरं, पण कोणता निरोप अडवला तर बिघडेल हे त्याने अचूक सांगितलं असतं. मी अशा अभ्यासांकडे याच नजरेने बघते.

—

ओंजळ

निळीशाई, तुमचा प्रतिसाद वाचून हात थरथरले.

मला आधी संधिवात होता, ऱ्हुमॅटॉइड. टीएनएफ अडवणारं इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी घेत होते आणि बोटं इतकी मोकळी झाली होती की मी पुन्हा विणकाम करू लागले. आठ-नऊ महिन्यांनी मान खाली वाकवली की पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखं व्हायचं. दोरा ओवायला मान वाकवली की झटका. मला मानेच्या मणक्याचं काहीतरी वाटलं. ज्यांना दाखवलं त्यांनीही तेच सांगितलं, महिनाभर व्यायाम केले. शेवटी एमआरआयमध्ये मानेच्या मज्जारज्जूत डाग दिसला. इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं.

माझ्या मावशीला एमएस होता हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

—

निळीशाई

@ओंजळ, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. एक स्पष्ट करते. ही औषधं घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना असं काही होत नाही, त्यामुळे इथे वाचणाऱ्या कुणीही आपलं इंजेक्शन स्वतःच्या मनाने बंद करू नये. पण मायलिनचं नुकसान हा या औषधांचा नोंदलेला, दुर्मीळ दुष्परिणाम आहे आणि ज्यांना एमएस आहे त्यांना ती सहसा देत नाहीत. जवळच्या नात्यात एमएस असेल तर सांध्यांच्या, आतड्याच्या, त्वचेच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. मुंग्या, करंट, एका डोळ्याला अंधुक दिसणं, यातलं काही सुरू झालं तर वाट न बघता कळवा. संधिवातासाठी वेगळ्या मार्गाने काम करणारी इतर औषधं आहेत.

—

ओंजळ

हो, आता दुसरं औषध चालू आहे. बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) कमी करणारं, सहा महिन्यांनी सलाइनमधून. सांधे आणि मज्जारज्जू दोन्ही शांत आहेत. विणकाम पुन्हा सुरू केलंय.

—

ध्रुवबाळ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मला एमएस होऊन सतरा वर्षं झाली, गेली चार काठी घेऊन चालतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. २३३ ठिकाणं सापडली म्हणता. एकेकाचा परिणाम १.१ पट. यातून माझ्यासारख्याच्या हाती काय आलं? सत्तेचाळीस हजारांहून अधिक रुग्णांनी रक्त दिलं, त्यात मीही एक होतो.

—

निळीशाई

@ध्रुवबाळ, राग कसला. तुम्ही रक्त दिलंत म्हणून मी इथे चार वाक्यं खात्रीने लिहू शकते. तुमच्या प्रश्नाला दोन-तीन ठोस उदाहरणांनी उत्तर देते.

टीवायके२ हे प्रथिन इंटरफेरॉन, इंटरल्युकिन-१२, इंटरल्युकिन-२३ अशा अनेक निरोपांचं आतलं टोक आहे. त्यात ११०४व्या जागी प्रोलीनऐवजी ॲलानीन आलं तर ते निरोप बंद पडत नाहीत, हळू होतात. हा फरक ज्यांच्याकडे असतो त्यांना एमएसच नव्हे, सोरायसिससारखे इतरही अनेक स्वयंप्रतिकारक आजार कमी होतात. निसर्गानेच करून ठेवलेली औषधचाचणी म्हणा. त्या दिशेने जाऊन टीवायके२ मंदावणारी गोळी तयार झाली, डुक्रावासिटिनिब, आणि २०२२ मध्ये ती सोरायसिससाठी मान्य झाली. एमएससाठी नाही, हे मुद्दाम सांगते. पण जनुकातला फरक, मग त्याचं काम समजणं, मग गोळी, हा रस्ता खरोखर चालून जाता येतो हे तिने दाखवलं.

त्याच जनुकाने दुसरी बाजूही दाखवली. ज्यांना हा फरक आई आणि वडील दोघांकडून मिळतो, युरोपीय वंशात साधारण सहाशे जणांत एक, त्यांना क्षयरोगाचा धोका वाढलेला असतो. निरोप मंद केला की दाह आटोक्यात येतो, पण क्षयाच्या जंतूला तोंड द्यायला तोच निरोप लागतो. असं औषध देण्याआधी क्षयाची तपासणी का करायची याचं यापेक्षा चांगलं कारण मला माहीत नाही.

आयएल२आरएचा अनुभव मात्र कडू. २००७ मध्ये पुढे आलेलं दुसरं नाव. याच रिसेप्टरवर बसणारं डॅक्लिझुमॅब एमएससाठी २०१६ मध्ये बाजारात आलं, अटॅकही कमी करत होतं. पण यकृताला इजा आणि मेंदूचा दाह अशा गंभीर घटना समोर आल्या आणि २०१८ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. जनुकाने बोट दाखवलं की पुढचं सगळं सुरक्षित, असं नसतं.

—

कवडसा

अवांतर वाटेल, पण माझ्या बाबतीत जनुकाची एक तपासणी खरंच औषधासाठी झाली होती. सिपोनिमॉड ही एमएसची गोळी सुरू करण्याआधी रक्त घेतलं आणि 'सीवायपी२सी९' असं काहीतरी बघितलं. तेही यातलंच का?

—

सायंतारा

@कवडसा, ते निरोपांचं जनुक नाही, यकृत औषध कसं पचवतं त्याचं आहे. पण तुमचा मुद्दा अगदी इथलाच, कारण एमएसच्या दवाखान्यात नेहमीच्या कामात खरोखर वापरली जाणारी जनुकतपासणी मला तरी हीच भेटली. त्यातला *३ हा प्रकार दोन्ही बाजूंनी आला असेल तर औषध शरीरात साठत जातं म्हणून ते देतच नाहीत. एका बाजूने असेल तर रोजचा डोस २ ऐवजी १ मिलिग्रॅम. इथे जनुकाचं उत्तर हातात आलं की डॉक्टर काहीतरी वेगळं करतात. बहिणीच्या रिपोर्टमधल्या ओळीचं उत्तर काहीही आलं तरी कुणीच काही वेगळं करणार नव्हतं. रिपोर्टमधल्या कुठल्याही ओळीला आता मी हाच प्रश्न लावते.

—

ध्रुवबाळ

निळीशाई, सविस्तर उत्तराबद्दल आभार. टीवायके२चं पटलं. आणखी एक विचारतो. माझा आजार इतका भरभर का वाढला? माझ्याबरोबर निदान झालेला मित्र आजही जिने चढतो. हेही याच जनुकांमुळे?

—

निळीशाई

बहुतेक नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आजार होण्याचा धोका आणि झालेल्या आजाराचा वेग, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. २०२३ मध्ये वेगाचाच शोध घेणारा मोठा अभ्यास आला. आधी १२,५८४ रुग्णांत शोधलं, मग आणखी ९,८०५ जणांत पडताळलं. एक जागा ठाम निघाली, डीवायएसएफ आणि झेडएनएफ६३८ या दोन जनुकांच्या मधली. तिथला फरक दोन्ही बाजूंनी मिळालेल्यांना चालताना आधाराची गरज मध्यमानाने ३.७ वर्षं आधी लागली. आणि वेगाशी जोडलेले फरक एकंदरीत रोगप्रतिकारक पेशींपेक्षा मेंदू आणि मज्जारज्जूच्या ऊतींत कार्यरत असलेल्या जनुकांजवळ जास्त दिसतात.

याचा अर्थ असा लावला जातोय की अटॅक कोण सुरू करतं ते रोगप्रतिकारक यंत्रणेच्या निरोपांवर ठरतं, आणि मार बसल्यावर मेंदू किती तग धरतो ते मेंदूच्या स्वतःच्या ताकदीवर. आजची बहुतेक औषधं पहिल्या भागावर चालतात. दुसऱ्यासाठी काय करायचं हा प्रश्न आता या क्षेत्रातला सर्वांत मोठा आहे. तुमच्या काठीमागे तुमची काही चूक नाही, ध्रुवबाळ. तुमच्या मित्राने काही जास्त चांगलं केलं असंही नाही.

—

ध्रुवबाळ

शेवटची दोन वाक्यं बायकोला वाचून दाखवली. आभारी आहे.

—

आजोळ

मी रुग्ण नाही, एका रुग्णाची आई आहे. मुलीला एमएस आहे, मुलगा एकोणीस वर्षांचा. जनुकं बदलता येत नाहीत हे कळलं. त्याच्यासाठी काही करता येण्याजोगं आहे का, एवढंच सांगा.

—

सायंतारा

@आजोळ, काकू, आहे. मी बहिणीला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

सिगारेट. स्वीडनमधल्या एका अभ्यासात, २०११ साली, जनुकं आणि धूम्रपान एकत्र पाहिले होते. ज्यांच्याकडे एचएलएचा धोक्याचा प्रकार आहे आणि संरक्षण देणारा ए*०२ नाही, ते सिगारेट ओढत नसतील तर धोका सुमारे ४.९ पट. तेच लोक ओढत असतील तर १३.५ पट. आणि ज्यांच्याकडे जनुकांचा धोका नाही त्यांच्यात सिगारेटने जेमतेम १.४ पट. म्हणजे एकच सिगारेट दोन माणसांत सारखं नुकसान करत नाही. ते कसं होतं याचा एक अंदाज असा की फुफ्फुसातल्या दाहामुळे तिथल्या टी पेशी जाग्या होतात. शेजारी कुणी ओढत असेल तर तो धूरही टाळायला सांगा. वाढत्या वयात वजन आटोक्यात ठेवणं आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता न राहू देणं, या दोन गोष्टींचाही संबंध वारंवार दिसलाय. ड जीवनसत्त्वाची मात्रा मात्र डॉक्टरांना विचारूनच.

एप्स्टाइन-बार विषाणूबद्दलही वाचाल, म्हणून आधीच सांगते. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दिसलं की या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढतो. तपासलेल्या ८०१ रुग्णांपैकी एकाला सोडून सगळ्यांना आजाराआधी संसर्ग झालेला होता. हा आकडा बघून घाबरू नका. जगातल्या बहुतेक प्रौढांना हा संसर्ग कधी ना कधी होऊन जातो आणि जवळपास सगळे त्यानंतर निरोगीच राहतात. त्यावर आज लस नाही, तेव्हा मुलाच्या बाबतीत त्यात तुम्हाला करण्यासारखं काही नाही.

—

आजोळ

मुलगा ओढतो. लपून ओढतो, मला ठाऊक आहे. आज रात्री बसून बोलते त्याच्याशी. रागावणार नाही, हे आकडे दाखवीन.

—

पायवाट

एक शंका राहिली. हे सगळे आकडे 'युरोपीय वंशाचे' असं दोघींनीही वारंवार म्हटलंय. मग बाकीच्यांनी त्यातलं किती आपलं मानायचं?

—

निळीशाई

खूप महत्त्वाचा प्रश्न, आणि आमच्या क्षेत्राने याला फार उशिरा हात घातला. रिसेप्टर कसा बनतो, निरोप कसा पोचतो हे सगळ्या माणसांत तेच आहे, त्यामुळे जनुक काय करतं ही माहिती सगळ्यांची. पण कुठला फरक किती जणांत आहे आणि त्याने धोका किती वाढतो, हे आकडे वंशागणिक बदलतात. टीवायके२चा तो फरक पूर्व आशियात जवळपास आढळतच नाही. १५:०१ उत्तर युरोपात इतका का पसरला, यावर २०२४ मध्ये प्राचीन डीएनएवरून उत्तर आलं : सुमारे ५,००० वर्षांपूर्वी गवताळ मैदानातून पश्चिमेकडे सरकलेल्या यामनाया पशुपालकांबरोबर तो तिथे पोचला. जनावरांच्या सहवासात, त्यांच्यापासून येणाऱ्या रोगांशी झुंजताना तो कामी आला असावा असा तर्क आहे.

आणि सार्डिनिया बेटाचं उदाहरण तर विलक्षण आहे. तिथे एमएसचं प्रमाण फार जास्त. तिथल्या लोकांत २०१७ मध्ये टीएनएफएसएफ१३बी या जनुकात एक फरक सापडला. बी पेशींना जगवणारा बॅफ नावाचा निरोप त्यामुळे जास्त तयार होतो. इतर बहुतेक ठिकाणी हा फरक विरळ, म्हणून मोठमोठ्या अभ्यासांतून तो निसटला होता. एका बेटावर गेल्यावर दिसला. जिथे अजून कुणी गेलंच नाही तिथे काय दडलंय कोण जाणे. त्यामुळे युरोपीय वंशाच्या नसलेल्या माणसाला दिलेला असा रिपोर्ट आणखीच कच्चा समजा.

—

कवडसा

बॅफ बी पेशींना जगवतो, बी पेशी कमी करणारी औषधं एमएसमध्ये चालतात. मग बॅफच अडवला तर?

—

निळीशाई

कुणालाही हेच सुचेल, आणि ते करून पाहिलं गेलं. बॅफ आणि त्याचा भाऊबंद एप्रिल, दोन्ही अडवणारं ॲटासिसेप्ट एमएसमध्ये तपासलं. अटॅक वाढले आणि २००९ मध्ये चाचणी थांबवावी लागली. शांत करणाऱ्या बी पेशीही असतात, त्याच आधी मेल्या असाव्यात असा एक विचार आहे. लेनरसेप्टसारखाच धडा पुन्हा.

—

सायंतारा

चार दिवसांनी परत आलेय, एक गोष्ट सांगायला.

बहिणीला हा सगळा धागा वाचायला दिला. तिने शांतपणे वाचला आणि मग विचारलं, "ताई, पण तुझ्या त्या जागी काय आहे?" मला माहीत नव्हतं. खरं तर काही महिन्यांपूर्वी तिने स्वतःबरोबर माझाही नमुना पाठवला होता. माझी फाइल मी कधी उघडलीच नव्हती, भीतीने. काल रात्री दोघी शेजारी बसून ती उघडली. तिने त्या जागेचा क्रमांक टाकला, आरएस६८९७९३२, आणि स्क्रीनवर दोन अक्षरं आली.

सीटी.

एमएस मला आहे, आणि धोक्याची अक्षरं तिच्याकडे जास्त आहेत. ती बराच वेळ त्या दोन ओळी एकाखाली एक ठेवून बघत होती. मग तिने चाळीस पानांची ती फाइल बंद केली आणि मला म्हणाली, "तुझं ते झाकण कुठंय? मला दाखव, तुला कसं दिसायचं ते."

झाकण अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिने आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्हींनी लालभडक.

—

आजोळ

सायंतारा, मुलाने दोन डबे स्वतःहून आणून दिले. सोडायला मदत करणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मंगळवारची. कळवीन.